वीरपत्नीचं ओळखपत्र : अर्जाआधी नावं जुळवा

अंत्यविधीला अख्खा गाव लोटतो. हवेत फैरी झडतात, 'अमर रहे'च्या घोषणा होतात, तिरंगा घडी घालून पत्नीच्या हातात दिला जातो. कागदपत्रांचं काम सुरू होतं ते तेराव्यानंतर, आणि तेव्हा मांडवातली माणसं पांगलेली असतात. साताऱ्याजवळच्या आपल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या घरोघरी फौजी असलेल्या गावात सांगणारं कोणीतरी भेटतं. ज्यांच्या वाडीतून एकटाच पोरगा भरती झाला होता, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी शब्दाचा घोळ. आपण 'शहीद' म्हणतो, पण लष्कराच्या नोंदींत हा शब्दच नाही. 'शहीद असल्याचं प्रमाणपत्र' मागाल तर कोणी देणार नाही. युद्धात, सीमेवरच्या चकमकीत किंवा अतिरेक्यांशी लढताना मृत्यू आला, तर लष्कराकडून 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतली हानी) प्रमाणपत्र मिळतं. इतर बहुतेक अपघात, आजार 'फिजिकल कॅज्युअल्टी'त जातात. या एका शब्दावर बरंच अवलंबून असतं. बॅटल कॅज्युअल्टीत लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन मिळते, म्हणजे शेवटच्या पगाराएवढी. सेवेमुळे ओढवलेल्या इतर मृत्यूत स्पेशल फॅमिली पेन्शन, ती त्या पगाराच्या 60 टक्के.

ओळखपत्राचा अर्ज आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात करायचा. सोबत हे लष्कराचं प्रमाणपत्र, मृत्यूचा दाखला, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद), आधार, पॅन, पासबुक, फोटो आणि मुलांचे जन्मदाखले न्या. पेन्शनवर आल्यानंतर वारलेल्या माजी सैनिकाच्या पत्नीलाही कार्ड मिळतं, पण तिची नोंद युद्धविधवा म्हणून होत नाही. तिच्या अर्जाला नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीचं पुस्तक लागतं.

आता खरी अडचण : नाव. माहेरची सुमन. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, शालन. शाळेच्या दाखल्यावर सुमन आणि वडिलांचं नाव, आधारवर शालन. नवऱ्यानं लग्नानंतर युनिटात नोंद केली तेव्हा क्लार्कनं टाइप केलं शालनबाई. एकाच बाईची ही तीन नावं, आणि कागदाच्या लेखी तीन बायका.

यातलं कोणतं धरायचं? युनिटात जे 'पार्ट टू ऑर्डर'ला, म्हणजे सैनिकाच्या लग्न-मुलांच्या अधिकृत नोंदीत चढलं, त्याच नावानं पीपीओ निघतो. माझं मत विचाराल तर आधार, पॅन, बँक या तिन्ही ठिकाणी पीपीओप्रमाणे बदल करावा, कारण लष्कराची नोंद दुरुस्त व्हायला फार वेळ जातो. नावच पूर्ण वेगळं असेल तर आधी राजपत्रात नावबदल छापून घ्यावा. पीपीओतच ढोबळ चूक असेल तर मात्र रेकॉर्ड ऑफिसलाच (रेजिमेंटच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) लिहावं लागतं : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नावाच्या दुरुस्तीला लागणाऱ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा आधी तिथूनच मागवा, गावातल्या टायपिस्टच्या मनानं करू नका. आणि प्रत्येक पत्रावर सैनिकाचा आर्मी नंबर हवाच. नाव चुकलं तरी नंबरावरून माणूस सापडतो.

1965 किंवा 1971 च्या युद्धातल्या वीरपत्नी आज आज्या झाल्यात. त्यांची जुनी कार्डं फाटलीत, फोटो ओळखू येत नाहीत. नातवंडांनी एक दिवस काढून आजीला कार्यालयात न्यावं आणि नवं कार्ड करून घ्यावं.

कार्ड हातात आलं की पुढचे अर्ज सोपे जातात : एका राहत्या घराची घरपट्टी माफी, एसटीचा मोफत पास, मुलांची शिष्यवृत्ती. केंद्राचं सानुग्रह अनुदान घटनेच्या प्रकारानुसार 25 ते 45 लाख असतं, पण ते कार्डावर नाही, युनिटच्या कागदांवर ठरतं. त्यामुळे ती फाइल कुठवर आली, हे युनिटलाच विचारत राहा.

मूळ पीपीओ कोणाच्याही हातात देऊ नका, 'साहेबांना दाखवून आणतो' म्हणणाऱ्या भावकीतल्या माणसाच्याही नाही. झेरॉक्स द्या, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.