अळीला सवय लागत नाही

"औषध लागू पडेना, अळीला सवय झालीय." हरभऱ्यावर घाटेअळी पडली की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. बेवड्याला दारू चढेनाशी होते तसंच अळीचं होत असणार, ही आपली समजूत. पण पुरेसा फवारा बसलेली अळी एक तर मरते नाही तर वाचते. सवय लावून घ्यायला तिला सवड कुठे? वाचते ती आधीच वेगळी असते. फवारणी तिला घडवत नाही, फक्त निवडते. आणि अळीचा पतंग झाला की त्यातली मादी हजाराच्या आसपास अंडी घालते, म्हणजे निवडलेल्यांची पुढची फौज तयार व्हायला वेळ लागत नाही.

वेगळी म्हणजे कशी? फेनव्हलरेटचं उदाहरण घेऊ. हे पायरेथ्रॉइड कुळातलं कीटकनाशक. चेतापेशीच्या आवरणात सोडियमची दारं असतात, संदेश जाताना ती क्षणभर उघडून मिटतात. पायरेथ्रॉइड त्या दारात पाचर मारतं. संदेश थांबतच नाहीत, अळी थरथरून लुळी पडते. काही किडींमध्ये हे दारच असं बदललेलं असतं की पाचर बसत नाही. घाटेअळीची एक युक्ती मात्र त्याहून अफलातून आहे.

साइटोक्रोम पी-४५० नावाची विकरं (एन्झाइम्स) आपल्या यकृतातही असतात. त्यांच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो; तो नको असलेल्या रेणूला ऑक्सिजनचा एक अणू चिकटवतो. तूर, कापूस, टोमॅटो असं काहीही खाणाऱ्या अळीला वनस्पतींची विषं पचवायला असली विकरं लागतातच. तिच्या गुणसूत्रावर त्यातली दोन जनुकं शेजारी-शेजारी आहेत : सीवायपी-३३७-बी-१ आणि बी-२. दोघं दिसायला जवळपास सारखी. शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, तेव्हा कधी एकाचं बी-१ दुसऱ्याच्या बी-२ समोर येतं. (पतंगांच्या मादीत ही अदलाबदल होतच नाही, तेव्हा हा घोळ कुठल्या तरी नराचाच!) कात्री चुकीच्या जागी लागते आणि डोकं बी-२चं, धड बी-१चं असं नवं जनुक तयार होतं : बी-३. आई-बापांना न जमणारं काम ते करतं. फेनव्हलरेटला हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) जोडतं, आणि तो रेणू अळीला बाधत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अळ्यांमधलं हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झालं. पुढे कळलं की असा घोळ जगात एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे झालाय.

'शंभर टक्के जैविक, प्रतिकार येऊच शकत नाही' असं छापलेल्या बाटल्या विकल्या जातात. बीटी कपाशीतलं प्रथिनही मूळचं जिवाणूचंच, तरी गुलाबी बोंडअळीने ते पचवलं. रेणू शेणातून आला की कारखान्यातून, याची चौकशी जनुक करत नाही.

घाटेअळीलाच आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, ही एक गंमत. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझीलमध्ये तिची नोंद झाली ती थेट २०१३ साली! तिथल्या मक्यावर तिची चुलत बहीण, हेलिकोव्हर्पा झिआ, आधीपासून होती. दोघींच्या जातींत सोयरीक जमली आणि हुंड्यात बी-३ गेलं. ब्राझीलमधल्या झिआमध्ये ते आता सापडतं.