पिशवीतल्या गाठीला ‘वाढ’ म्हणून कोण सांगतं?

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘फायब्रॉइड’, म्हणजे गर्भाशयातली गाठ, दिसलं की पहिली धास्ती कॅन्सरची. ही गाठ कॅन्सर नव्हे. गर्भाशयाच्या स्नायूतली एक पेशी बिघडते आणि तिच्याच वंशावळीतून अख्खी गाठ उभी राहते. सुमारे 70 टक्के गाठींत हा बिघाड एमईडी12 या जनुकात असतो, हे फिनलंडच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं.

पण नुसत्या बिघाडावर गाठ वाढत नाही, तिला संप्रेरकं लागतात. म्हणूनच पाळी सुरू होण्याआधी ती सहसा दिसत नाही आणि पाळी गेली की बहुधा आक्रसते. वर्षानुवर्षं सगळा दोष इस्ट्रोजेनच्या माथी मारला गेला. माझ्या मते इथेच मोठी गफलत झाली. माणसाच्या गाठीतल्या पेशी उंदरात रुजवून पाहिल्या, तेव्हा एकट्या इस्ट्रोजेनवर त्या वाढल्या नाहीत. जोडीला प्रोजेस्टेरॉन दिल्यावर वाढल्या. इस्ट्रोजेन पेशीतल्या आपल्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतं आणि प्रोजेस्टेरॉनचे ग्राही तयार करवून घेतं. वाढीचा हुकूम मग प्रोजेस्टेरॉन सोडतं.

याहून नवलाची गोष्ट मूळपेशींची, म्हणजे ज्यांच्यापासून गाठीतल्या बाकीच्या पेशी बनतात त्यांची (स्टेम सेल). गाठ वाढवतात त्या, पण त्यांच्यात हे ग्राही अगदी थोडे. संप्रेरकाचा निरोप शेजारच्या पक्व पेशी घेतात आणि रासायनिक संदेश सोडून त्यांच्यापर्यंत पोचवतात.

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ मधोमध कापली की आत पांढरट, रबरासारखं घट्ट, भोवऱ्याभोवऱ्यांचं मांस दिसतं, लोकरीचा गुंडा आवळून बांधावा तसं. तो घट्टपणा मुख्यतः पेशींबाहेरच्या कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या जाळ्याचा असतो. ते विणायला लावतो टीजीएफ-बीटा3 हा वृद्धिघटक, आणि वृद्धिघटक याच जाळ्यात अडकून साठूनही राहतात. म्हणजे गाठ आपली शिदोरी आपल्यातच बांधून ठेवते! शिवाय ती स्वतःपुरतं थोडं इस्ट्रोजेनही बनवते.

अंडाशयाची संप्रेरकं दाबणाऱ्या इंजेक्शनांनी गाठ लहान होते. इंजेक्शनं थांबवली की ती बहुतेकदा पुन्हा वाढते. शिवाय संप्रेरकं फार उतरली तर हाडं ठिसूळ होतात. म्हणून 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या रेलुगोलिक्सच्या गोळीत संप्रेरकं दाबणारं औषध आणि त्यांचीच थोडी मात्रा एकत्र आहे.

अंगावरून फार जात नसेल, हिमोग्लोबिन बरं असेल आणि वय 48 च्या पुढे असेल, तर ‘पिशवी काढून टाकू का’ याआधी ‘थांबता येईल का’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. पाळी गेली की गाठीला येणारे निरोप बहुतांशी थांबतात.