काटा शून्यावर आहे म्हणजे वीज नाही, असं समजू नका

काट्याच्या मल्टिमीटरची (व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजायच्या मीटरची) एक गोष्ट मला कायम खटकते, तो बिघडला तरी सांगत नाही. डिजिटल मीटरचा सेल संपला की स्क्रीन कोरी पडते, निदान कळतं तरी की मीटर मेलाय. काट्याच्या मीटरचं तसं नाही. प्रोबची (मीटरच्या टोकदार कांडीची) वायर आतून तुटलेली असो, फ्यूज उडालेला असो, नॉब भलतीकडे असो नाहीतर सॉकेटमध्ये खरंच सप्लाय नसो, चारही वेळा काटा डावीकडे शून्यावर गप बसलेला दिसतो आणि माणूस ते शून्य बघूनच वायरला हात घालतो.

मग असला मीटर वापरायचाच कशाला? तर आयटीआयमध्ये अजून याच्यावर शिकवतात, मोटर रिवाइंडिंगवाले आणि जुने रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारे याच्याशिवाय हलत नाहीत, आणि काही गोष्टी काट्यावर खरंच जास्त छान कळतात (त्या पुढे येतीलच). फक्त आत काय चाललंय ते एकदा समजून घ्यायला हवं. सुरक्षिततेचे नियम पाठ करून राहत नाहीत हो, कारण कळलं की राहतात.

आत एक कायमचं चुंबक असतं, त्याच्या मधल्या फटीत अगदी बारीक तारेची कॉइल आणि तिला नाजूक स्प्रिंग. कॉइलमधून करंट गेला की ती चुंबकात वळते, स्प्रिंग तिला मागे ओढते, दोघांचा जिथे तोल जमतो तिथे काटा थांबतो. बस, एवढंच. नेहमीच्या मीटरमध्ये काटा पूर्ण उजवीकडे जायला साधारण ५० मायक्रोअँपिअर लागतात, म्हणजे एका अँपिअरचा वीस हजारावा भाग. मीटरच्या तोंडावर खाली बारीक अक्षरात व्होल्टला २० हजार ओहम असं काहीतरी छापलेलं असतं ते यातूनच आलेलं, १ व्होल्टवर ५० मायक्रोअँपिअरच जावेत म्हणून २० हजार ओहम वाटेत ठेवावे लागतात. एसीसाठी हा आकडा कमी असतो, ८-९ हजार वगैरे.

महत्त्वाचं हे की काटा हलवायला लागणारी ताकद मीटर तुम्ही जे मोजताय त्याच्यातूनच घेतो. व्होल्ट मोजताना आतले सेल काही कामाचे नसतात, काढून ठेवलेत तरी चालतं. सेल लागतात ते फक्त ओहमला.

एकाच डब्यात अँपिअर, व्होल्ट, ओहम तिन्ही मोजायची सोय ब्रिटनच्या पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी यांनी केली, १९२३ मध्ये तो मीटर ॲव्हो नावाने बाजारात आला, तिन्ही एककांची इंग्रजी पहिली अक्षरं जोडून केलेलं नाव. त्याच घराण्यातलं मॉडेल ८ तर थेट २००८ पर्यंत बनत होतं. सोय मोठी झाली पण धोकाही इथूनच सुरू झाला, कारण वरून डबा एकच दिसतो आणि नॉब फिरवला की आतला मीटर पूर्ण बदलतो.

व्होल्टवर असताना मीटर म्हणजे एक प्रचंड मोठा रोध. एसी २५० च्या रेंजला ८ हजार गुणिले २५०, म्हणजे २० लाख ओहम. २३० व्होल्टला लावलात तरी त्यातून मिलीअँपिअरचा दहावा भाग कसाबसा जातो, कुणाचं काही बिघडत नाही. तोच नॉब डीसी मिलीअँपिअरच्या २५० वर नेलात की मीटर म्हणजे ओहमभर रोधाची जवळजवळ सरळ तार झाली. आता ही तार सॉकेटच्या फेज-न्यूट्रलमध्ये घातलीत तर काय होईल ते मी वेगळं सांगायला नको, तो शॉर्ट सर्किटच आहे, फक्त दोन्ही टोकं तुमच्या हातात आहेत. डिजिटल मीटरमध्ये मोठ्या अँपिअरसाठी लाल वायर बहुधा वेगळ्या भोकात लावावी लागते त्यामुळे माणूस जरा तरी थांबतो, काट्याच्या बऱ्याच मीटरमध्ये मिलीअँपिअरला वायर तिथेच राहते आणि फक्त नॉब फिरतो.

आत फ्यूज आहे ना, मग भीती कसली, असं म्हणणारे भेटतात. फ्यूज असतो, बहुतेक अर्ध्या अँपिअरचा काचेचा. पण फ्यूज वितळणं वेगळं आणि वितळल्यावर करंट खरंच तुटणं वेगळं. असल्या साध्या काचेच्या छोट्या फ्यूजची करंट तोडायची क्षमता ३५ अँपिअरच्या घरातली असते, आणि आपल्या सॉकेटमागच्या वायरिंगचा रोध १ ओहम धरला तरी शॉर्टमध्ये शंभर-दोनशे अँपिअर सहज जाऊ शकतात, मेन बोर्डाजवळ तर हजारावर. मग तार वितळते, तिची वाफ होते आणि त्या तापलेल्या वाफेतूनच करंट चालू राहतो, काच फुटते, कधी मीटरचं खोकं हातात फुटतं. चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला एचआरसी (मोठा करंट तोडू शकणारा) फ्यूज असतो तो यासाठीच, वाळू ती ठिणगी विझवते. त्यामुळे फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा आणि त्याच जातीचा टाका. चंदेरी कागद गुंडाळून किंवा तारेचा तुकडा लावून चालवलेला मीटर मेन्सला अजिबात लावू नका. आणि मिक्सर किती अँपिअर खातो, पंप किती खातो हे या मीटरने मोजायचंच नाही, बहुतेक काट्याच्या मीटरला एसी अँपिअरची रेंजच नसते. त्याला वायरभोवती अडकवायचा क्लॅम्प मीटर.

ओहमवर नॉब असेल तर मीटर स्वतःच एक बॅटरी होऊन बाहेर करंट सोडतो आणि परत किती येतो ते बघतो. त्यामुळे सप्लाय चालू असलेल्या सर्किटला ओहम रेंज लावली की आतले रोध जळतात, काटा आपटतो, कधीकधी वाकतो. प्लग काढा, कपॅसिटर असेल तर आधी डिसचार्ज करा, मग ओहम. ×१ च्या रेंजला हा मीटर दीडशे मिलीअँपिअरपर्यंत सोडू शकतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरचं वाइंडिंग तपासताना प्रोबची उघडी टोकं दोन्ही हातांनी धरू नका, प्रोब सुटल्या क्षणी वाइंडिंग जो झटका देतं तो ३ व्होल्टच्या सेलचा आहे यावर विश्वास बसत नाही. एक गंमत पण इथेच सांगतो, ओहमवर असताना बहुतेक काट्याच्या मीटरची काळी प्रोब पॉझिटिव्ह असते आणि लाल निगेटिव्ह, त्यामुळे डिजिटलची सवय असलेला माणूस डायोड उलटा समजून बसतो.

आता पुन्हा त्या शून्याकडे येऊ. सगळ्यात वाईट चूक मला विचाराल तर अँपिअरवाली नाही, ती निदान आवाज करते. वाईट चूक म्हणजे नॉब डीसी व्होल्टवर ठेवून घरातला सप्लाय बघणं. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, अर्धा वेळ काट्याला उजवीकडे ढकलते आणि अर्धा वेळ डावीकडे, काटा बिचारा एवढ्या लवकर हलू शकत नाही म्हणून सरासरीवर थांबतो आणि सरासरी शून्य. नीट पाहिलं तर किंचित थरथरतो, पण ते कोण बघतंय. मीटर चांगला, वायर चांगली, फ्यूज चांगला, सॉकेटमध्ये ३२५ व्होल्टचे शिखर असलेली जिवंत वीज, आणि काटा शून्य!

दुसरं शून्य त्याहून फसवं आहे कारण त्यात मीटर अगदी खरं बोलत असतो. समजा न्यूट्रल कुठेतरी तुटलाय. फेज आणि न्यूट्रलमध्ये प्रोब घातल्या, शून्य आलं, लाइट गेली असं वाटलं. पण फेज आहे तिथेच आहे, जमिनीच्या हिशोबाने २३० वर. वर त्याच लाइनवर एखादा बल्ब किंवा पंखा चालू राहिला असेल तर त्याच्यातून फेज न्यूट्रलच्या भोकापर्यंत पण येऊन बसतो, मग दोन्हीकडे २३० आणि दोघांमधला फरक शून्य. म्हणून एक माप घेऊन थांबायचं नाही, तिन्ही घ्यायची, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थिंग, न्यूट्रल-अर्थिंग. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंग, उजवं फेज, डावं न्यूट्रल, असं असायला पाहिजे, जुन्या घरांमध्ये उलटं केलेलं असतं ते वेगळं.

मोजायची पद्धत मग अशी. आधी वायरी बघा, इन्सुलेशन तडकलंय का, पिन मीटरच्या भोकात घट्ट बसते का (त्याच वायरची प्रोब फेजमध्ये असताना पिन निसटून बाहेर आली तर तिचं उघडं टोक २३० वर असतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही). नॉब एसीव्हीवर (म्हणजे एसी व्होल्टवर), आणि किती व्होल्ट आहेत माहीत नसेल तर १००० वर. आधी एखाद्या नक्की चालू असलेल्या सॉकेटवर मीटर लावून काटा २३० च्या आसपास जातोय ना ते बघा. मग ज्याचं बघायचंय ते. आणि परत एकदा त्या चालू सॉकेटवर. हे तिसरं माप लोक टाळतात, पण मधल्या वेळात वायर तुटली किंवा फ्यूज गेला तर फक्त तेच सांगतं. रेंज बदलायची असेल तर प्रोब बाहेर काढून बदला, लावलेल्या अवस्थेत नॉब फिरवला की आतल्या पट्ट्यांवर ठिणगी पडते आणि अँपिअरवरून फिरत गेला तर मग वर सांगितलंच आहे.

काळी प्रोब आधी लावायची, लाल नंतर, काढताना लाल आधी. शक्य असेल तर काळीला क्रोकोडाइल क्लिप लावून मोकळं व्हा आणि फक्त एका हाताने मोजा, दुसरा हात खिशात. कारण दोन्ही हात गुंतलेले असले आणि चूक झाली तर करंट एका हातातून छातीतून दुसऱ्या हातात जातो, वाटेत हृदय. घरातला आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ३० मिलीअँपिअरला पडतो, पण तो फेजमधून जमिनीत गळणारा करंट ओळखतो, फेज आणि न्यूट्रलच्या मधे तुम्ही अडकलात तर त्याच्या दृष्टीने तुम्ही एक साधा बल्ब आहात. पायात रबरी चप्पल, हात कोरडे, अंगठी-कडं काढलेलं, हे माहीतच असतं सगळ्यांना.

अर्थिंगबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. फेज आणि अर्थिंगमध्ये मीटरने २३० दाखवले म्हणजे अर्थिंग मस्त आहे, असं वायरमनसुद्धा सांगतात. अहो, मीटरमधून जेमतेम ०.१ मिलीअँपिअर जातोय, अर्थिंगचा रोध १ हजार ओहम झाला तरी तिथे ०.१ व्होल्टच पडणार, काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गिझरची बॉडी शॉर्ट झाली की त्या १ हजार ओहमच्या अर्थिंगने एमसीबी पडणार नाही. मल्टिमीटर फक्त एवढंच सांगू शकतो की अर्थिंग मुळातच तुटलेलं आहे की नाही, ते किती चांगलं आहे यासाठी अर्थ टेस्टर लागतो.

काटा जिथे डिजिटलपेक्षा बरा पडतो अशी जागा म्हणजे भुताचे व्होल्ट. बंद वायर चालू वायरच्या शेजारून लांब गेली असेल तर दोघींमध्ये आपोआप छोटा कपॅसिटर तयार होतो, त्यातून नावाला करंट येतो, आणि डिजिटल मीटरचा रोध १ कोटी ओहमच्या आसपास असल्यामुळे तेवढ्यावरही तो ८०-९० व्होल्ट दाखवून घाबरवतो. २५० च्या रेंजवरचा काट्याचा मीटर २० लाख ओहमचा, तो ते व्होल्ट बरेच दाबून टाकतो. पूर्ण नाही, पण फरक कळतो.

दुसरी जागा पंख्याचा कपॅसिटर, अडीच किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा. पंखा हळू फिरतोय, हाताने ढकलल्यावर चालू होतोय, तर कपॅसिटर काढा, एखाद्या रोधातून डिसचार्ज करा, ओहमच्या ×१०के वर लावा. काटा झटकन उजवीकडे उडी मारून हळूहळू डावीकडे अनंताकडे परत आला तर ठीक, उडीच मारली नाही तर गेलाय, मधेच थांबून राहिला तर लीक आहे. प्रोब उलट्या करून परत लावलं की उडी अजून मोठी दिसते. डिजिटलवर नुसते आकडे पळताना दिसतात, त्यातून काही बोध होत नाही.

वाचण्याबद्दल फार बोलत नाही. स्केलमागे आरशाची पट्टी असते, काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक येईल असा डोळा धरा. एसीला अचूकता पूर्ण स्केलच्या ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २५० वर १० व्होल्ट इकडेतिकडे आणि १००० वर तब्बल ४०, त्यामुळे २२५ की २३२ हा वाद काट्यावर घालू नका. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर मोजाल तर २३० चे २५५ दिसतील, कारण मीटर सरासरी मोजतो आणि स्केल साइन वेव्ह (घरातल्या सप्लायसारखी गोलसर लाट) धरून छापलेली असते, इन्व्हर्टर बिघडलेला नाही. ओहमला दर वेळी प्रोब एकमेकींना टेकवून झिरो ॲडजस्ट करायचं, शून्यावर येत नसेल तर सेल उतरलेत.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या आत आणि जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत हा मीटर घालायचाच नाही, तिथे हजारो व्होल्ट असतात आणि ओव्हनचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. काम झालं की नॉब ऑफवर, बऱ्याच मीटरमध्ये ऑफला कॉइल शॉर्ट होते आणि पिशवीत हादरे बसले तरी काटा फार हेलकावत नाही. ऑफ नसेल तर एसी १००० वर ठेवा, ओहमवर तर नकोच. महिनोन्महिने वापर नसेल तर सेल काढा, गळले की पट्ट्या खातात.

नवीन घेणार असाल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत, तर मीटरवर कॅट टू, कॅट थ्री असं काही छापलंय का बघा. कॅट टू म्हणजे सॉकेटला लावायच्या वस्तूंपर्यंत, कॅट थ्री म्हणजे बिल्डिंगच्या बोर्डापर्यंत, कॅट फोर म्हणजे जिथून सप्लाय आत येतो तिथपर्यंत. ही श्रेणी नुसत्या व्होल्टची नसते, वीज पडल्यावर किंवा मोठी मोटर बंद झाल्यावर लाइनवर क्षणभर जे हजारो व्होल्ट येतात ते मीटर सोसेल का याची असते. स्वस्त काट्याच्या मीटरवर बऱ्याचदा काहीच छापलेलं नसतं. असा मीटर सेल, डायोड, कपॅसिटर, स्पीकर, अडॅप्टर यांच्यासाठी ठेवा, आणि मेन बोर्ड उघडायचाच असेल तर कॅट थ्रीचा दुसरा घ्या किंवा वायरमनला बोलवा.