लिनक्सवरील माऊसच्या अडचणी व त्यांचे निदान

लिनक्सवर माऊसची हालचाल पडद्यावर उमटण्याआधी चार टप्प्यांतून जाते: स्वतः माऊस व त्याची वायर किंवा रिसीव्हर, कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर, उपकरणाच्या नोंदींचा अर्थ लावणारी लिबइनपुट ही लायब्ररी आणि शेवटी पडद्यावरचे चित्र सांभाळणारा एक्स सर्व्हर किंवा वेलँडचा कंपोझिटर. पॉइंटर अडखळण्यासारखे एकच लक्षण यांपैकी कोणत्याही टप्प्यावर उद्भवू शकते. म्हणून आधी बिघाडाचा टप्पा शोधावा, मगच सेटिंगला हात लावावा. तपासणी खालून वर, म्हणजे माऊसपासून डेस्कटॉपकडे, करतात.

माऊस पूर्ण बंद असेल तर सगळे कीबोर्डवरून करावे लागते. उबंटूवर कंट्रोल-ऑल्ट-टी दाबून टर्मिनल उघडते. तेही जमले नाही तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुरी कन्सोलवर जाता येते. तिथे सूडोसह (प्रशासकाच्या अधिकाराने) 'डीमेसेज -डब्ल्यू' ही कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा चालू ठेवून माऊस काढून पुन्हा जोडावा. एकही नवी ओळ उमटली नाही तर दोष पोर्ट, वायर किंवा रिसीव्हरचा. नवे यूएसबी उपकरण दिसल्याची ओळ आली, पण त्यापुढे 'इनपुट' उपकरण तयार झाल्याची नोंद नसेल, तर ड्रायव्हर चढलेला नाही. आर्च लिनक्सवर हे हमखास घडते ते कर्नल अद्ययावत करून संगणक रीस्टार्ट न केल्यावर: चालू असलेल्या जुन्या कर्नलची मॉड्यूल्स (ड्रायव्हरच्या फाइली) डिस्कवरून गेलेली असतात, त्यामुळे यूएसबी माऊसचे 'यूएसबीहिड' हे मॉड्यूल आधीच चढलेले नसेल तर ते नव्याने चढत नाही. उपाय फक्त रीस्टार्ट.

कर्नलला माऊस दिसत असल्यास सर्वांत उपयोगी साधन 'इव्हटेस्ट'. सूडोने चालवून यादीतून माऊस निवडला की प्रत्येक हालचाल व बटणाची कच्ची नोंद दिसते. यानंतर 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवून तीच कृती करावी. पहिल्यात नोंदी येत नसतील तर दोष खालचा. दोन्हींत सुरळीत येत असतील तर दोष डेस्कटॉपचा किंवा त्या प्रोग्रॅमचा. वर्णनावरून तर्क लढवण्यापेक्षा ही दोन मिनिटांची चाचणी जास्त भरवशाची.

एक क्लिक केल्यावर दोन होणे ही तक्रार सर्वांत जुनाट. बटणाखालच्या मायक्रोस्विचमधली धातूची पट्टी झिजते आणि एकदा दाबल्यावर संपर्क क्षणभर तुटून पुन्हा जुळतो. इव्हटेस्टमध्ये एका दाबाला दोन दाब-सोड दिसतात, तेव्हा निदान पक्के. लिबइनपुट साधारण २५ मिलिसेकंदांच्या आतली अशी थरथर गाळून टाकते. त्याहून लांबलेली मात्र वर पोहोचते. तेव्हा स्विच बदलणे हाच उपाय, आणि सोल्डरिंग येणाऱ्यासाठी तो माऊस फेकण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर रिसीव्हरच्या शेजारी काय जोडले आहे ते पाहावे. यूएसबी ३च्या ५ गिगाबिट वेगाच्या जोडणीतून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण काढले होते. बाहेरची हार्ड डिस्क चालू असतानाच पॉइंटर उड्या मारतो, तो यामुळे. रिसीव्हर दूरच्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावावा किंवा एक्स्टेन्शन वायरने माऊसजवळ आणावा. सॉफ्टवेअरमध्ये यावर काही करता येत नाही.

काही सेकंद हात थांबला की माऊस झोपतो आणि क्लिक केल्यावरच जागा होतो, असे असेल तर वीजबचत कारणीभूत असते. पॉवरटॉप या वीजबचतीच्या प्रोग्रॅमची 'ऑटो-ट्यून' सगळ्या यूएसबी उपकरणांचे 'पॉवर/कंट्रोल' हे मूल्य 'ऑटो' करते. माऊसपुरते ते 'ऑन' करावे. इथे अनेकांचा घोळ होतो: त्यासाठी यूडेव्हचा (उपकरण दिसल्यावर सेटिंग लावणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहिला, तरी सुरुवातीला तो आधी लागू होतो आणि मागून पॉवरटॉप त्यावर आपले मूल्य लिहितो. म्हणून 'ऑन' लिहिणारी आज्ञा पॉवरटॉपच्याच सर्व्हिसमध्ये, त्याच्यानंतर ठेवावी.

पीएस/२ म्हणजे जुन्या गोल जोडणीच्या माऊसचे गणित वेगळे. साधा माऊस हालचालीमागे ३ बाइट पाठवतो, चाकाचा ४. ड्रायव्हर चालू होताना नमुनादर २००, १००, ८० असा क्रमाने बदलून माऊसला चार बाइटांच्या रीतीवर आणतो. केव्हीएम स्विच (एकच माऊस-कीबोर्ड अनेक संगणकांना वापरू देणारा) फिरवताना माऊसची वीज तुटली की तो पुन्हा ३ बाइटांवर येतो आणि ड्रायव्हर मात्र ४ मोजत राहतो. मग पॉइंटर कोपऱ्यात धावतो, आपोआप क्लिक होतात, आणि नोंदींत 'लॉस्ट सिंक्रोनायझेशन' दिसते. 'मॉडप्रोब -आर पीएसमाऊस' आणि मग 'मॉडप्रोब पीएसमाऊस' करून ड्रायव्हर काढून पुन्हा चढवल्यावर ओळख नव्याने होते. वारंवार होत असेल तर कर्नलच्या सुरुवातीच्या पर्यायांत 'पीएसमाऊस.प्रोटो=बेअर' द्यावे; चाक गमवावे लागते, पण पॉइंटर स्थिर राहतो.

वरच्या टप्प्यावरच्या तक्रारी बहुधा वेगाच्या असतात. लिबइनपुटचा वेग −१ ते १ दरम्यान असतो आणि सुरुवातीला 'अडॅप्टिव्ह' प्रोफाइल लागू असते, म्हणजे हात जोरात हलवला की पॉइंटर अधिक लांब जातो. खेळ व चित्रकामासाठी 'फ्लॅट' बरे. एक्सवर हे 'एक्सइनपुट'ने बदलता येते. वेलँडवर तीच आज्ञा फक्त एक्सवेलँडचे (वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या थराचे) आभासी पॉइंटर दाखवते, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांतले उपाय तिथे लागू पडत नाहीत; डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येच जावे लागते. पॉइंटर अदृश्य पण क्लिक चालू असेल, तर माऊस निर्दोष असतो: दोष ग्राफिक्स ड्रायव्हरच्या हार्डवेअर कर्सरचा. बऱ्याच ड्रायव्हरांसाठी एक्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'एसडब्ल्यूकर्सर' हा पर्याय 'ट्रू' केल्यास तो दिसू लागतो.