दिवाळीची नानकटाई आणि बेकरीची भट्टी : पार्श्वभूमी

मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी इंधन बदलावं, असा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये आला, तेव्हा चर्चा झाली ती पावाची. लादी महागेल का, कडक पावाची चव जाईल का, हेच प्रश्न पुढे आले. दिवाळीआधी घरचा मैदा, तूप आणि साखर बेकरीत नेऊन नानकटाई पाडून आणायची पद्धतही याच भट्टीच्या आधाराने टिकली होती. तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

नानकटाईचा उगम साधारणपणे सुरतेशी जोडला जातो. तिथल्या डच वखारीसाठी चालणारी भट्टी पुढे पारशी कारागिराच्या हाती आली, अशी हकीकत सांगतात. मुंबईत गोव्याचे पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, आणि इराणी बेकरीवाले आले आणि भट्टी गल्लीबोळांत पोहोचली. सोवळं पाळणाऱ्या मराठी घरांत बेकरीचा पाव बराच काळ चालत नसे. पण घरचं तूप-साखर घालून, बिनअंड्याची, डोळ्यांदेखत भाजून घेतलेली नानकटाई मात्र तिथेही चालून गेली.

ही पद्धत भरात होती ती साधारण १९७० ते १९९० या काळात. नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या वाढत होती आणि फराळ मात्र तेवढाच करायचा होता. चकली, करंजी, अनारसे यांना कढईसमोर तासन्‌तास उभं राहावं लागतं. नानकटाई हा एकच जिन्नस असा होता की ज्याची मेहनत आणि आच दोन्ही घराबाहेर मिळे. नवरात्र संपलं की बेकरीबाहेर ‘बिस्किटे पाडून मिळतील’ अशी पाटी लागे. सामान द्यायचं, किलोवर मजुरी ठरवायची, नंबर लावायचा. आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना, हे पाहायला घरातलं कुणीतरी तिथे थांबे. प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी असे आणि भाजलेला माल पत्र्याच्या डब्यांतून घरी येई. वसई, मुंबई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून नाताळच्या केकची भांडी अशीच बेकरीत जात.

हे परवडत होतं ते विटांच्या भट्टीमुळे. तिच्यात लाकूड आतच पेटवतात. घुमट आणि तळाच्या विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि मग पहिल्या कडक आचेवर पाव. पाव निघाले तरी विटा बराच वेळ उष्णता सोडत राहतात. ती उतरती आच पावाला पुरत नाही, पण नानकटाईला नेमकी तीच हवी असते. अगदी शेवटच्या उबेवर टोस्ट वाळवायचे. म्हणजे दुपारी भाजल्या जाणाऱ्या घरगुती मालासाठी वेगळं सरपण लागतच नसे, म्हणून मजुरीही थोडी होती. पुढच्या सगळ्या वादात ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

प्रमाणाबाबत घराघरांत मतभेद आहेत. भरवशाचं प्रमाण असं : १ किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, ६०० ग्रॅम तूप, ६०० ग्रॅम पिठीसाखर, ५ ग्रॅम खाण्याचा सोडा, वेलची-जायफळ आणि चिमूटभर मीठ. २० ग्रॅमचा गोळा धरला तर ११० च्या आसपास नानकटाया होतात. तूप घट्ट हवं. ते परातीत तळहाताने दहा-बारा मिनिटं फेसायचं, मग पिठीसाखर घालून पांढरं आणि हलकं होईपर्यंत पुन्हा फेसायचं. मैदा शेवटी, तोही फक्त एकत्र येईल इतपत मिसळायचा. मळत बसलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई दाताखाली कडक लागते. पातळ तूप घेतलं तर गोळे ट्रेमध्ये पसरून एकमेकांना चिकटतात. जाड साखर घातली तर वर तपकिरी ठिपके उठतात, सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. खालची बाजू फिकट सोनेरी आणि वरची पांढरी दिसली की ट्रे काढायचा. त्या वेळी ती बोटाला मऊच लागते आणि गार होताना खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून पुन्हा आत सारली की करपते. गरम असताना डब्यात भरली तर वाफ धरून सादळते.

तुपाचा प्रश्न वेगळाच आहे. डालडा हे वनस्पती तूप, म्हणजे तेलापासून केलेलं घट्ट तूप, १९३७ मध्ये बाजारात आलं. स्वातंत्र्यानंतर वनस्पती तुपावर बंदी घालावी की साजूक तुपातली भेसळ ओळखू यावी म्हणून त्याला रंग द्यावा, यावर मोठा वाद झाला. शेवटी त्यात तिळाचं तेल मिसळणं सक्तीचं झालं, म्हणजे भेसळ असेल तर तपासणीत कळेल. बेकरीवाल्यांचा कल वनस्पतीकडे होता, तो केवळ स्वस्ताईमुळे नव्हे. ऑक्टोबरच्या उकाड्यात साजूक तूप पातळ होतं, वनस्पती मात्र रवाळ राहतं, त्यामुळे नानकटाई फुगते आणि वर छान भेगा पडतात. साजूक तुपाला हे साधायचं तर परात गार पाण्यावर ठेवून फेसावं आणि गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत. तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या आणि हृदयाला घातक असणाऱ्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के झाली, तेव्हा जुन्या धर्तीच्या वनस्पतीचा काळ संपला.

आता आदेशाकडे. हवा प्रदूषणाची दखल न्यायालयाने स्वतःहून घेतली होती. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना नवे परवाने देऊ नयेत आणि असलेल्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनावर जावं, असं ठरलं. पालिकेने नोटिसा बजावल्या, मुदत ८ जुलै २०२५ ची होती. धुराबद्दलचा आक्षेप खरा आहे. बऱ्याच भट्ट्यांत भंगारातलं लाकूड जळतं, म्हणजे जुनी दारं, मोडकं फर्निचर, प्लायवूड. त्यावरचा रंग आणि डिंक जळून निघणारा धूर आजूबाजूच्या चाळींतल्या लोकांच्या आणि भट्टीवरच्या कामगारांच्या छातीत जातो. तो थांबलाच पाहिजे.

पण भंगार जाळणारी भट्टी आणि साधं ओंडक्याचं लाकूड जाळणारी भट्टी यांना एकच मुदत लागू झाली. पाइप गॅस न पोहोचलेल्या गल्लीतल्या बेकरीलाही तीच. विटांच्या भट्टीला बर्नर जोडता येतो, पण तिची उष्णता धरून ठेवण्याची ताकद टिकवायची तर ज्वाळेची जागा आणि धुराडं नव्याने बांधावं लागतं आणि तेवढे दिवस धंदा बंद. जागेअभावी अनेकांना भट्टी पाडून पोलादी ओव्हन बसवणं सोपं पडतं. त्यात पाव उत्तम होतो, मात्र पावानंतरची फुकटची आच उरत नाही. घरगुती मालाच्या प्रत्येक ट्रेला वेगळा गॅस जाळावा लागतो. बेकरीवाल्यांनी जादा मुदत मागितली ती मुख्यतः खर्चापोटी. घरच्या मालाचा मुद्दा त्यात दुय्यमच राहिला.

अर्थात, पद्धतीला ओहोटी लागली ती या आदेशाच्या कितीतरी आधी. नव्वदीनंतर मोठ्या बेकऱ्यांनी डिझेल आणि विजेचे फिरते ओव्हन घेतले आणि सुटी गिऱ्हाइकं घेणं बंद केलं. घरात आधी झाकणाला काच असलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, मग ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, आला. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते ते कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरून, शिटी आणि रबरी रिंग काढून भाजत. हे अजूनही जमतं. मात्र एका वेळी आठ-दहाच नानकटाया होतात आणि वरून आच नसल्याने तळ लवकर लाल होतो, म्हणून ताटलीखाली स्टँड ठेवावा आणि गॅस बारीक असावा.

ओटीजीत १६० अंशांवर १८ ते २२ मिनिटं लागतात. ओव्हन आधी किमान दहा मिनिटं तापवलेला हवा, नाहीतर कड धरण्याआधीच तूप सुटतं. किलोभर मैद्याची नानकटाई घरच्या ओव्हनमध्ये चार-पाच खेपांत होते, म्हणजे दोन तास सहज जातात. कामाच्या घरात हे दोन तास एका संध्याकाळी मिळत नाहीत. गोळे आदल्या रात्री वळून झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी थेट गारच ट्रेमध्ये लावावेत. अशा वेळी भाजायला दोन-तीन मिनिटं जास्त धरावीत.