चॉकलेटच्या डब्यात गहू कुठून येतो?

सिलिॲक आजार असलेल्या, म्हणजे गहू न चालणाऱ्या माणसाचं सोलापुरात रोजच्या जेवणावाचून फारसं अडत नाही. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, भात, आमटी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात असली की चपातीची आठवणही कमी येते. अडतं ते दिवाळीत. नवी पेठेतून कुणीतरी चॉकलेटचा डबा आणतं, पोरं झाकण उघडतात, आणि ज्याला गहू चालत नाही तो पोरगा आईच्या तोंडाकडे बघत बसतो.

चॉकलेट म्हणजे मुळात कोकोचा गर, कोको बटर, साखर, दूध पावडर आणि बहुतेकदा सोयाबीनचं लेसिथिन. यात ग्लुटेन, म्हणजे गहू, बार्ली, राय या धान्यांतली सिलिॲकवाल्यांना न चालणारी प्रथिनं, कुठेच नाही. पण मिश्र डब्यात एकात वेफर असतो, दुसऱ्यात बिस्किटाचा चुरा, तिसऱ्यात कुरकुरीत तांदूळ. तांदूळ निर्दोष, पण त्याला चव आणायला पुष्कळदा माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा अर्क, लावतात आणि ग्लुटेन तिथून शिरतं.

गहू, बार्ली आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) यांतल्या या प्रथिनांत प्रोलिन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं इतकी दाटीने असतात की आपल्या पाचकरसांना त्यांचे पुरते तुकडे करता येत नाहीत. 33 अमिनो आम्लांचा एक तुकडा तर पाचकरसांना अजिबात दाद देत नाही, हे 2002 मध्ये दिसून आलं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण ठरावीक जनुकं असलेल्या काही जणांची प्रतिकारशक्ती त्याच्यावर तुटून पडते, आणि मार बसतो लहान आतड्याच्या अस्तराला. अन्नरस शोषणारे रसांकुर झिजून सपाट होतात. म्हणून ‘एक खाल्लं, काही झालं नाही’ या अनुभवाला इथे किंमत नाही. आतलं नुकसान लगेच जाणवेलच असं नसतं.

खरी मेख यंत्रात आहे. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर पहिल्या पिठात गहू उतरतो, हे सिलिॲकवाल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं. चॉकलेटच्या कारखान्यातही तेच, फक्त तिथे एक जास्तीची अडचण आहे: चॉकलेटला पाणी चालत नाही. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडंसं पाणी गेलं तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळा घाणा रवाळ, घट्ट होऊन बसतो. त्यामुळे नळ्या आणि टाक्या धुण्याऐवजी खरवडतात, नाहीतर त्यांतून ताजं चॉकलेट सोडून आधीचं बाहेर ढकलतात. वेफरच्या घाण्यानंतर साधं चॉकलेट काढलं, तर चुरा मागे राहू शकतो.

तो शोधणंही सोपं नाही. कोकोतले टॅनिन नावाचे तुरट घटक ग्लुटेनला धरून ठेवतात आणि चाचणीत ते कमी भरतं. म्हणून प्रयोगशाळेत नमुन्यात दूध पावडरीसारखं दुसरं प्रथिन घालतात; टॅनिन त्याला चिकटतात आणि ग्लुटेन मोकळं होतं.

भारतात ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. म्हणजे 100 ग्रॅमच्या डब्यात फार तर 2 मिलिग्रॅम. हे शब्द नसतील तर घटकांच्या यादीखालची बारीक ओळ वाचा. ‘गहू असू शकतो’ असं असेल तर डबा परत ठेवा. ती ओळ नसली म्हणून खात्री झाली, असंही नाही. हिरव्या ठिपक्याचा तर इथे काडीचा उपयोग नाही. तो फक्त शाकाहारी एवढंच सांगतो.

माझ्या मते मिश्र डब्याच्या नादी लागूच नये. चमकी कागदातली सुटी, घरगुती चॉकलेटं दिसायला छान, पण त्यांवर यादीच नसते. त्यापेक्षा ‘ग्लुटेन फ्री’ लिहिलेली चॉकलेटची साधी लादी आणावी, आपल्याकडचे शेंगदाणे घरीच भाजून त्यात घालावेत आणि साचे भरून डबा आपणच सजवावा. लादी गरम पाण्यावर ठेवून वितळवताना पातेलं कोरडं हवं आणि वाफेचा थेंब आत पडता कामा नये. शंकरपाळ्यांचा मैदा ज्या ओट्यावर मळला, त्याच ओट्यावर त्याच दिवशी हे काम काढू नका.