‘नवीन फीचर्स दिसत नाहीत’ असं सांगायला येण्याआधी: सिव्हिलायझेशन ६ खेळणाऱ्या ग्राहकांसाठी

‘राइज अँड फॉल’ (२०१८) आणि ‘गॅदरिंग स्टॉर्म’ (२०१९) ही सिव्हिलायझेशन ६ या गेमची दोन्ही एक्सपान्शन्स (मूळ खेळात नवे नियम घालणारे भाग) आमच्या प्रत्येक मशीनवर आहेत. तरीही काउंटरवर तीच तक्रार येते: पूर येत नाही, ज्वालामुखी नाही, गव्हर्नर कुठे गेले? मशीन ठीक असतं. एक्सपान्शन इन्स्टॉल केलेलं असणं वेगळं आणि तुमचा डाव त्याच्या नियमांवर चालणं वेगळं.

नियम ठरतात ते डाव मांडताना, नंतर नाही. ‘प्ले नाऊ’ दाबलंत तर गेम काही न विचारता सुरू होतो. त्याऐवजी ‘क्रिएट गेम’मध्ये जा आणि ‘रूलसेट’मध्ये (डाव कोणत्या नियमांवर चालणार ते ठरवणारा पर्याय) ‘गॅदरिंग स्टॉर्म’ निवडा. नेता त्यानंतर निवडा, कारण रूलसेट बदलला की नेत्यांची यादीही बदलते. दोन्ही एक्सपान्शन्स एकदम कशी निवडायची, असं बरेच जण विचारतात. तशी गरजच नाही. गव्हर्नर (शहरावर नेमायचा अधिकारी), लॉयल्टी (शहराची तुमच्याशी निष्ठा), सुवर्णयुग-अंधारयुग हे ‘राइज अँड फॉल’चे नियम ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये आहेतच.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुन्या सेव्हमुळे. सेव्ह फाइल आपले नियम बरोबर घेऊन फिरते. साध्या नियमांवर मांडलेला डाव इथे लोड केला तरी साधाच राहतो, आणि तो मधूनच बदलून देणं आमच्या हातात नाही. म्हणून पहिल्याच टर्नला (पाळीला) नदीकाठच्या टाइलवर, म्हणजे नकाशातल्या घरावर, कर्सर न्या. नदीचं नाव दिसलं तर नियम बरोबर आहेत. नाव नसेल तर लगेच बाहेर पडा. तेव्हा फार तर दोन मिनिटं जातात, शंभराव्या टर्नला सगळी बैठक जाते. अशा बैठकीचा वेळ आम्ही परत देत नाही, कारण मशीन तेवढा वेळ तुमच्याकडेच असतं. रूलसेट आधीच लावून का ठेवत नाही? मूळ खेळच हवा असणारेही बरेच आहेत, आणि तीच खुर्ची पुढे त्यांना द्यायची असते.

आता नियमांबद्दल. मूळ खेळात लोखंडाच्या दोन खाणी असल्या की स्वोर्ड्समन (तलवारधारी सैनिक) कितीही करा. ‘गॅदरिंग स्टॉर्म’मध्ये प्रत्येक स्वोर्ड्समनला साठ्यातून २० लोखंड जातं आणि एक खाण टर्नला २ देते. साठ्याची मर्यादा सुरुवातीला ५०. ती वाढवायची तर एनकॅम्पमेंटमधल्या (शहराच्या लष्करी विभागातल्या) इमारती बांधा. पुढे इन्फंट्री आणि टँक दर टर्नला एकेक तेल पितात. साठा संपला की ते लढाईत कमजोर पडतात, तेव्हा ‘गेम बिघडलाय’ म्हणून हाक मारण्याआधी वरच्या पट्टीतला तेलाचा आकडा बघा.

लॉयल्टीचा फटका लांब शहर वसवणाऱ्यांना बसतो. ९ टाइलच्या आतली लोकसंख्या शहरावर दाब टाकते, आणि दर टाइलमागे तो १० टक्क्यांनी कमी होतो. शेजाऱ्याच्या राजधानीजवळ शहर वसवलंत तर लॉयल्टी दर टर्नला जास्तीत जास्त २० ने घसरू शकते. १०० वरून शून्य व्हायला किती टर्न लागतात ते तुम्हीच मोजा. गव्हर्नर ८ लॉयल्टी देतो, पण मुळात सेटलर (नवं शहर वसवणारं युनिट) निवडल्यावर टाइलवर दिसणारे आकडे वाचले तर त्याला तिकडे पाठवायची वेळ येत नाही.

कोळसा जाळताना किनाऱ्याकडे लक्ष असू द्या. एक कोळसा ४ वीज देतो, एक युरेनियम १६. कोळशाच्या धुराने समुद्र चढतो आणि सखल टाइल पाण्याखाली जातात. फ्लड बॅरियर (समुद्राचं पाणी अडवणारा बांध) ‘कॉम्प्युटर्स’ हे तंत्रज्ञान शोधल्यावर मिळतो आणि समुद्र जितका चढलेला, तितका तो महाग पडतो. आमच्या मते बहुतेक जण तो फार उशिरा बांधायला घेतात.

हॉटसीटवर (एकाच मशीनवर आळीपाळीने) ग्रुपने खेळणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा. रूलसेट, नकाशा आणि आपत्तींची तीव्रता (० ते ४) लावलेली कॉन्फिगरेशन आम्ही आधीच सेव्ह करून ठेवतो. आल्यावर लोड केली की थेट पहिला टर्न. निघताना डाव स्वतःच्या नावाने सेव्ह करा. ऑटोसेव्हवर विसंबू नका, पुढचा खेळायला बसला की त्याचे ऑटोसेव्ह तुमचे पुसून टाकतात.